आग्र्याच्या तुरुंगातून विंडसरच्या दालनात

विंडसर राजवाड्याच्या वॉटर्लू दालनात नेपोलियनचा पाडाव करणाऱ्या राजांची आणि सेनानींची चित्रं आहेत, बहुतेक थॉमस लॉरेन्सच्या हातची. मला ओढ आहे ती खालच्या गालिच्याची. ८० फूट लांब, ४० फूट रुंद, वजन सुमारे दोन टन आणि एवढ्या पसाऱ्यात कुठेही जोड नाही. राणी व्हिक्टोरियाच्या १८८७च्या सुवर्णमहोत्सवानिमित्त तो आग्र्याच्या तुरुंगातल्या कैद्यांनी विणला. पुरा झाला १८९४ साली.

आग्र्याला हे कसब नवं नव्हतं. अकबराच्या काळात आग्रा, फत्तेपूर आणि लाहोरला गालिच्यांचे कारखाने होते, अशी नोंद अबुल फजलने केली आहे. तुरुंगात माग आला तो मात्र कंपनी सरकारच्या काळात. १८३०च्या दशकात जबलपूरला पकडलेल्या ठगांना विणकामाला बसवलं गेलं. विंडसरचा गालिचाही त्या ठगांचाच, असं आजही सांगितलं जातं. पण राजघराण्याच्या संग्रहात नोंद आग्र्याचीच आहे. १८५१च्या लंडन प्रदर्शनानंतर हिंदी गालिच्यांना विलायतेत मागणी वाढली आणि तुरुंगांना काम मिळालं. १८८६च्या प्रदर्शनासाठी आग्रा तुरुंगाचे अधीक्षक जॉन टायलर ३४ कारागीर घेऊन लंडनला गेले. त्यांतले अनेक जण आपलं कसब तुरुंगातच शिकलेले होते. पुढे राणीचा मुन्शी म्हणून गाजलेला अब्दुल करीमही याच तुरुंगात कारकून होता.

एवढा गालिचा बिनजोड विणायचा म्हणजे ४० फूट रुंदीचा माग हवा. उभा ताणा, त्यापुढे फळीवर ओळीने बसलेले विणकर. माणशी दोन फूट धरले तरी वीस जण. प्रत्येकाने आपापल्या दोऱ्यांवर लोकरीची गाठ मारायची, छुरीने टोक कापायचं. ओळ पुरी झाली की आडवा बाणा घालून फणीसारख्या पंजाने ठोकायचं. एकाचा हात मागे पडला की सगळी ओळ थांबते. बाहेरच्या कारखानदाराने इतकी माणसं वर्षानुवर्षं एका मागावर अडकवून पोसली असती, असं मला वाटत नाही. त्याने पट्टे विणून जोडले असते. तुरुंगाला मजुरीची चिंता नव्हती आणि माणसं निघून जाणार नव्हती. गालिच्याचा बिनजोडपणा कसबाइतकाच या सक्तीतूनही आला आहे, असं मी मानतो.

त्या सक्तीची झळ तुरुंगाबाहेरच्या विणकरांनाही बसली. बेळगावात जन्मलेले आणि मुंबईचं आजचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय उभारण्यात वाटा असलेले जॉर्ज बर्डवुड यांनी १८८०च्या आपल्या ग्रंथात तुरुंगांच्या स्वस्त मालावर कडक टीका केली. वंशपरंपरागत विणकर त्यामुळे देशोधडीला लागत होते. बर्डवुड यांचं म्हणणं मला पटतं. पण तुरुंगांचे माग थांबले नाहीत. पुण्याच्या येरवडा तुरुंगातही गालिचे होत. विजापूरच्या असर महालातल्या जुन्या गालिच्यांच्या नकला तिथे विणल्या गेल्या.

२० नोव्हेंबर १९९२ला विंडसरला आग लागली. शेजारचं सेंट जॉर्ज दालन जळालं, वॉटर्लू दालन वाचलं. धावपळीत गालिचा गुंडाळून हलवायला पन्नास सैनिक लागले.