वायर नसलेलं ड्रिल

तर झालं असं, की गेल्या पावसाळ्यात नाना बाथरूममध्ये घसरले. फार लागलं नाही, कोपर सुजलं आणि आठवडाभर सगळ्या गोतावळ्याचे फोन आले. (ताई, त्यातले तीन तुझे.) डॉक्टर म्हणाले, भिंतीला धरायला स्टीलचा बार बसवून घ्या. बार आणला. इलेक्ट्रिशियन 'उद्या येतो' म्हणाला आणि त्याचा उद्या काही उगवेना. शेवटी मी ठरवलं, आपणच एक ड्रिल घ्यायचं. स्वस्तातलं, पण बॅटरीवर चालणारं. बाथरूमच्या ओल्या फरशीवरून वायर ओढत न्यायची माझी काही हिंमत नव्हती.

नाना जन्मभर कारखान्यात फिटर. आमच्याकडे त्यांचं हाताने फिरवायचं ड्रिल अजून आहे, दातेरी चाकाचं. लहानपणी ते चाक फिरवायला मिळावं म्हणून आम्ही भावंडं भांडायचो. त्याच्याही आधीची गोष्ट म्हणजे आजोळच्या सुताराचा सामता. लाकडी दांड्याला दोरीचा वेढा, ती दोरी धनुकलीने मागेपुढे ओढायची, की खालचं टोक गरगर फिरतं. तेव्हा मला ते अगदी गावठी वाटायचं. मग २००६ साली बातमी वाचली. बलुचिस्तानातल्या मेहरगढच्या उत्खननात नऊ माणसांच्या अकरा दाढा सापडल्या होत्या, आणि त्या माणसं जिवंत असतानाच कोरलेल्या होत्या! साडेसात ते नऊ हजार वर्षांपूर्वीच्या. संशोधकांचा अंदाज असा, की मणी कोरणाऱ्यांचीच ही करामत, गारगोटीचं टोक लावलेल्या धनुकलीच्या ड्रिलने केलेली. म्हणजे सुताराचा सामता आणि दंतवैद्य एकाच घराण्यातले. भूल कसली देत होते, देव जाणे.

विजेचं ड्रिल त्या मानाने कालपरवाचं. १८८९ साली मेलबर्नमध्ये अर्नॉट आणि ब्रेन या दोघांनी त्याचं पेटंट घेतलं. १८९५ मध्ये जर्मनीतल्या श्टुटगार्टच्या फाइन कंपनीने हातात धरून वापरता येईल असं ड्रिल केलं. पण आज 'ड्रिल' म्हटल्यावर जो पिस्तुलासारखा आकार डोळ्यांसमोर येतो, तो अमेरिकेतल्या ब्लॅक अँड डेकरचा, पेटंट १९१७ चं. मूठ खरोखरच कोल्टच्या पिस्तुलावरून सुचलेली. आपण भिंतीवर बंदूक रोखल्यासारखे उभे राहतो ते उगीच नाही. :)

ही सगळी यंत्रं कारखान्यासाठी होती. असं सांगतात, की दुसऱ्या महायुद्धात तिथल्या कारखान्यांतून ड्रिलं गायब व्हायला लागली. कामगार ती घरच्या कामासाठी नेत होते. चोरी म्हणून डोक्याला हात लावण्याऐवजी कंपनीने त्यात गिऱ्हाईक पाहिलं आणि १९४६ मध्ये खास घरासाठी स्वस्त ड्रिल काढलं. मी हे नानांना वाचून दाखवलं, तर ते नुसतेच हसले. आमच्या घरातल्या दोन-तीन हत्यारांच्या इतिहासात शिरण्यात अर्थ नाही, हे मी ओळखलं.

बॅटरीवरचं पहिलं ड्रिल याच कंपनीचं, १९६१ सालचं. त्यात निकेल-कॅडमियमची बॅटरी होती. या बॅटरीचा शोध १८९९ चा, स्वीडनच्या वाल्डेमार युंगनर यांचा. कॉर्डलेस ड्रिल नासाने शोधलं असं पुष्कळदा ऐकायला मिळतं, ते खरं नाही. ड्रिल आधी आलं, नासासाठीचं काम नंतर. अपोलोसाठी मात्र चंद्रावर भोकं पाडायचं बॅटरीवरचं ड्रिल करण्यात ब्लॅक अँड डेकरचा हात होता. १९७१ मध्ये अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉट यांनी ते वापरलं आणि त्यांची अगदी दमछाक झाली. उष्णता मोजायच्या उपकरणासाठी तीन मीटर खोल जायचं होतं, पण पहिलं भोक दीड मीटरच्या थोडं पुढे जाऊन अडलं. कारण गमतीचं आहे. ड्रिलच्या नळ्या जिथे एकमेकींना जोडलेल्या होत्या, तिथे बाहेरची मळसूत्री खाच तुटत होती. त्यामुळे भुसा वर यायला वाट मिळेना आणि नळी तिथेच आवळली गेली. मातीचा नमुना घ्यायला सुमारे २.४ मीटरची नळी आत घातली, ती उपटायला स्कॉट आणि आयर्विन दोघांना खांदा लावावा लागला. पुढच्या खेपेला, १९७२ मध्ये, नळ्या सुधारल्या, भोक झकास पडलं, आणि जॉन यंग यांचा पाय अडकून उपकरणाची केबल तुटली. ड्रिलला वायर नव्हती, पण तिने दुसरीकडून दावा साधला.

असो. चंद्रावरून खाली येऊ.

बारा-एक वर्षांपूर्वी मी एक ड्रिल घेतलं होतं. कंपनीचं नाव घेत नाही. निकेल-कॅडमियमवालं, पेटी देखणी, सोबत शंभर तुकड्यांचा संच. दोन वर्षांत बॅटरीने मान टाकली. ती महिना-महिना पडून राहिली की आपोआप उतरायची, आणि शेवटी चार्ज होईनाशीच झाली. नवी आणायला गेलो तर 'ते मॉडेल बंद झालं साहेब'. ड्रिल ठणठणीत, पण माळ्यावर. कॅडमियम विषारी असल्याने युरोपात २०१६ अखेर अशा हत्यारांमधून या बॅटऱ्या हद्दपार झाल्या. माझी मात्र अजून माळ्यावरच आहे. तिला कचऱ्यात टाकायचा धीर होत नाही.

म्हणून या वेळी मी ड्रिल न बघता बॅटरी बघत होतो. आता सगळ्या लिथियम-आयनच्या. सोनीने त्या १९९१ मध्ये बाजारात आणल्या, बॉशने २००३ मध्ये छोट्या स्क्रूड्रायव्हरमध्ये घातल्या, आणि दोन-तीन वर्षांत मोठ्या ड्रिलमध्येही त्या आल्या. २०१९ मध्ये तर त्यांच्यामागच्या तिघांना नोबेल मिळालं. दुकानदार व्होल्टच्या आकड्यांनी भुलवतो, तिथे जरा सावध. आतला एकेक सेल ३.६ व्होल्टचा. तीन सेलचं ड्रिल खरं १०.८ चं, पण पूर्ण चार्ज झाल्यावर जरा चढतं, म्हणून डब्यावर १२. पाच सेलचं १८, तेच कुणी २० म्हणून विकतं. दोघांत फरक शून्य. मी तीन हजारांच्या आतलं १२ व्होल्टवालं घेतलं. दोन गती, पुढे आकड्यांची फिरती कडी (स्क्रू ठरावीक जोर लागला की कडी कटकट करते आणि स्क्रूचं डोकं झिजत नाही) आणि मुख्य म्हणजे तीच बॅटरी त्या कंपनीच्या इतर हत्यारांनाही चालते. असं ड्रिल लाकूड, पत्रा, कपाटाच्या बिजागऱ्या, पडद्याचे ब्रॅकेट यांना उत्तम. आतमध्ये ठोका देणारं हॅमर होतं खरं, पण विटेपुरतं.

हे 'विटेपुरतं' मला बाथरूममध्ये कळलं. नाना दारात खुर्ची टाकून बसले. त्यांनी आधी विचारलं, "पाइप कुठून गेलाय?" नळाच्या सरळ वरच्या पट्ट्यात भोक पाडायचं नाही, हा पहिला नियम. टाइलवर चिकटपट्टी लावली म्हणजे टोक घसरत नाही. टाइल पार होईपर्यंत हॅमर बंद, गती कमी. नाना म्हणाले, "दर बोटभर गेल्यावर बाहेर काढ, भुसा झटक." मी मनात म्हटलं, हे स्कॉटना कुणी सांगायला हवं होतं. आधी पांढरी भुकटी, मग लाल. लाल म्हणजे वीट. डावीकडची तीन भोकं झाली.

उजवीकडे राखाडी भुकटी आली आणि ड्रिल थांबलं. काँक्रीटचा खांब! दहा मिनिटं रेटलं, टोक तापून निळं पडलं, बॅटरी संपली. इथे बारीक भोकावर भागवून छोटा स्क्रू घालायचा मोह झाला, खोटं कशाला सांगू. नाना म्हणाले, "मी धरणार आहे तो बार." मग खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडून वायरवालं मोठं रोटरी हॅमर आणलं. त्याची मागे खाचा असलेली बिटं बसवायची पद्धत बॉशची, १९७५ पासूनची. एक्स्टेन्शन बाहेरच्या खोलीतून, फरशी कोरडी पुसून, वायर माझ्या खांद्यावर. तीन भोकं तीन मिनिटांत.

भोकात बसते ती गिट्टी. पूर्वी छिन्नीने चौकोन कोरून त्यात लाकडाची गुट्टी सिमेंटने बसवायचे, नानांनी तशा शेकडो बसवल्यात. लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या भिंती खराब न करता विजेची जोडणी करायची होती, म्हणून जॉन रॉलिंग्ज यांनी १९११ च्या सुमारास ज्यूटच्या धाग्यांची, जनावराच्या रक्ताने चिकटवलेली गिट्टी काढली. रॉवल प्लग हे नाव त्यांचंच. आजची नायलॉनची गिट्टी १९५८ ची, जर्मनीच्या आर्टुर फिशर यांची. सहा गिट्ट्या, सहा स्क्रू. स्क्रू पिळायला पुन्हा माझं छोटं ड्रिल, आणि शेवटचा पीळ नानांनी हाताने दिला.

मग ते उठले, दोन्ही हातांनी बार धरला आणि पाय जरा मोकळे सोडून सगळं वजन त्यावर टाकलं. माझा जीव खालीवर. बार हलला नाही. ते परत खुर्चीत बसले, भिंतीकडे थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "बॅटरी चार्जिंगला लाव. तो टॉवेलचा हँगर कधीचा लोंबकळतोय."