अंमल

पोलीस ठाण्यात ‘ठाणे अंमलदार’ बसतो आणि ‘अमली पदार्थ’ही तिथेच जप्त होऊन येतात. हा योगायोग नव्हे. दोघांचं मूळ एकच. अरबी ‘अमल’ म्हणजे काम, कृती. फारसीतून तो मराठीत आला तेव्हा डोक्यावर अनुस्वार घेऊन बसला, ‘अमली’त मात्र तो उतरलेला.

कामावरून अर्थ कारभाराकडे गेला, कारभारावरून हुकमतीकडे. मुलूख जिंकणं वेगळं, तिथे अंमल बसवणं वेगळं. ठाणी बसली, वसूल येऊ लागला, की अंमल बसला. निजामाच्या मुलखात मराठे चौथ-सरदेशमुखी वसूल करत, तिथे तर एकाच गावावर दोन सत्ता. त्याला ‘दुअंमल’ म्हणत. रयतेचे काय हाल होत असतील, ते त्या ‘दु’तच कळतं!

दुसरीकडे कृतीचा अर्थ ‘परिणाम’ असाही झाला, आणि भांगेचा, अफूचा अंमल चढू लागला. राजस्थानात तर अफूलाच ‘अमल’ म्हणतात. सत्ता आणि नशा दोन्ही चढतात, हे भाषेने कुणाला टोमणा मारण्यासाठी ठरवलेलं नसावं, पण जमलंय झकास.

‘मामला’ही त्याच धातूचा, म्हणून मामलेदार अंमलदाराचा चुलतभाऊच. महाराष्ट्रात त्याच्या खुर्चीवर आता तहसीलदार बसतो. गोव्यात मामलेदार अजून आहे, आणि ठाण्यात त्याच्या नावाची झणझणीत मिसळ.