जलशात न आलेलं गाणं

२०२२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतला, तेव्हा तिथले गायक मंचावरूनच संतापले. नागपूरच्या मिहानमधल्या आयटीवाल्या पोरापोरींनी ती गाणी इअरफोनवर ऐकली असतील. पण त्या गाण्यांचं मराठी गोत्र शोधायला गेलं, तर ते वेगळ्याच घरात सापडतं.

ते घर जलशाचं. सत्यशोधकांनी त्यासाठी तमाशाचा साचा उचलला: गण ठेवला, त्यातली स्तुती बदलली, वगात भटशाहीची खिल्ली उडवली. १९३१च्या सुमारास नाशिककडच्या भीमराव कर्डकांनी त्याच साच्यात आंबेडकरी जलसा उभा केला. पुढे वामनदादा कर्डकांची गाणी नागपूरच्या वस्त्यावस्त्यांत पोचली. अन्यायाविरुद्ध गायचं कसं, हे या शहराला कोणी शिकवायला नको.

मात्र आपला गर्भपाताचा १९७१चा कायदा डफावर थाप मारून मिळालेला नाही. तो शांतिलाल शाह समितीच्या अहवालातून आला; मागे बायांचे असुरक्षित गर्भपातात जाणारे जीव होते आणि लोकसंख्येची धास्तीही. न मागता मिळालेल्या हक्काचं गाणं कोण रचणार? उलट स्त्री मुक्ती संघटनेचं, ज्योती म्हापसेकरांचं ‘मुलगी झाली हो’ हे नाटक १९८३ पासून गावोगाव गात फिरलं, ते मुलीच्या जन्माच्या बाजूने. महाराष्ट्राने १९८८ साली गर्भलिंगनिदानाला लगाम घालणारा कायदा केला, तोही चळवळीच्या रेट्याने. म्हणजे तिकडे गाणी बंदीविरुद्ध, इकडे चळवळ बंदी मागणारी. दोन्ही बाईच्याच बाजूच्या, हे परदेशी मित्राला समजावताना आपली दमछाक होते.

गर्भपाताचा हक्क न मागता मिळाला; समलिंगी संबंधांचं तसं नाही. १८६० च्या दंडसंहितेतलं कलम ३७७ गोऱ्या साहेबाने लादलेलं. १९३४ साली ‘समाजस्वास्थ्य’ या आपल्या मासिकातल्या लैंगिक प्रश्नोत्तरांवरून र. धों. कर्व्यांवर खटला झाला, त्यात समलिंगी संबंधांचा विषयही होता, आणि त्यांचे वकील होते बाबासाहेब. ते खटला हरले. प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं हे कलम पडायला ६ सप्टेंबर २०१८ उजाडावं लागलं. त्याआधीच, २०१६ साली, नागपुरात प्राइड मोर्चा निघाला होता.

समलिंगी लग्नाचा हक्क मात्र आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने नाकारला आहे. ज्या जलशाने जातीला धारेवर धरलं, त्याच्या शाहिरांनी आता हा वग हाती घ्यावा. बाबासाहेबांनी कर्व्यांचं वकीलपत्र घेतलं होतं, तेव्हा संकोचाला जागा नाही.