चिंचोटीच्या आकाशावर सत्ता कोणाची?

पीएचडीचा विषय सांगितला की पहिला प्रश्न हमखास येतो : "महाराष्ट्राचा ड्रोन कायदा कोणता?" मीही सुरुवातीला तोच शोधत बसलो होतो. असा स्वतंत्र कायदा नाहीच. अमेरिकेत राज्याराज्यांचे वेगळे ड्रोन कायदे आहेत, आणि तिकडचे पेपर वाचून आपण प्रश्नही तसाच उचलतो. आपल्या राज्यघटनेत विमानं आणि हवाई वाहतूक केंद्र सूचीत (नोंद २९) आहेत, तर पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था राज्याकडे. म्हणजे आकाश दिल्लीचं, त्याखालची गर्दी मुंबईची.

चिंचोटीचंच उदाहरण घेऊ. मुंबई-अहमदाबाद महामार्गालगतचं गाव, मागे तुंगारेश्वरची डोंगररांग, पावसाळ्यात धबधब्यावर ही गर्दी. तिथे कोणी ड्रोन उडवला तर विचारायचं कोणाला?

२०२४ अखेरपर्यंत लागू असलेला १९३४ चा विमान कायदा आधी बघा. त्यातल्या 'विमान' या शब्दाच्या व्याख्येत पतंगसुद्धा होता! (संक्रांतीला आपण सगळेच वैमानिक.) ड्रोन अर्थातच कोणाच्या डोक्यात नव्हता. मे २०१४ मध्ये मुंबईतल्या एका पिझ्झेरियाने ड्रोनने पिझ्झा पोचवल्याचा व्हिडिओ गाजला आणि परवानगी घेतली होती का, म्हणून पोलिसांनी चौकशी सुरू केली. त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने नियम होईपर्यंत खासगी ड्रोन उडवण्यावर बंदीच घातली. या दोन घटनांत थेट कार्यकारणभाव लावायचा मोह होतो, पण पुरावा हातात नसेल तर लावू नका.

पुढे १ डिसेंबर २०१८ पासून पहिली नियमावली लागू झाली, मार्च २०२१ मध्ये दुसरी आली, आणि सहाच महिन्यांत, २५ ऑगस्टला, ती मोडून 'ड्रोन नियम, २०२१'. विमानतळाभोवतीचा पिवळा पट्टा ४५ किलोमीटरवरून १२ वर आला. चिंचोटी मुंबई विमानतळापासून सरळ रेषेत साधारण तीस किलोमीटर. निव्वळ अंतराच्या हिशेबाने गाव एका अधिसूचनेत पट्ट्याबाहेर पडलं. अर्थात अभयारण्याची हद्द लागली की वन्यजीव कायदा येतो आणि चित्रणाला वनखात्याची परवानगी लागते.

मग राज्याच्या हातात काय? ऑगस्टच्या नियमांत राज्याला किंवा पोलिसांना एका वेळी फार तर ९६ तासांचा तात्पुरता लाल पट्टा जाहीर करता येतो. पण रोजच्या वापरातलं हत्यार जुनंच : कलम १४४, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १६३. मुंबई पोलीस ड्रोन, पॅराग्लायडर वगैरेंवर याच कलमाखाली पुन्हा पुन्हा मनाई आदेश काढतात. पावसाळ्यात धबधब्यांवर जायला बंदी होते तीही याच कलमाने. जमावासाठीचं कलम आकाशापर्यंत ताणलं गेलंय.

माझ्या मते खरी अडचण पुढे आहे. हे आदेश सुरक्षेसाठी असतात, खासगीपणासाठी नाही. मार्च २०२१ च्या नियमांत चित्रण करताना माणसाचा खासगीपणा जपायची अट होती. ऑगस्टमध्ये नियम सुटसुटीत करताना ती गळली. तेही पुट्टास्वामी निकालानंतर चारच वर्षांनी! समजा मनाई आदेश लागू नाही, पट्टा हिरवा आहे, आणि कोणी परसातल्या न्हाणीवर कॅमेरा रोखला. बाईने ठाण्यात जाऊन काय सांगायचं? ड्रोनचं कलम नाही, चोरून बघण्याचं आहे : २०१३ मध्ये आलेलं ३५४-क, आता न्याय संहितेचं ७७. त्यात यंत्र कुठलं हे महत्त्वाचं नाही, तिथे खासगीपणाची रास्त अपेक्षा होती का हे महत्त्वाचं. न्हाणीत ती उघडच आहे. उघड्या धबधब्याखाली भिजणाऱ्या बाईचं काय, यावर वकिलांत वाद होईल. आणि परसात नुसता बसलेला पुरुष असेल तर हे कलमच लागत नाही.

म्हणून मी शोधाचा शब्द बदलला. 'ड्रोन कायदा' सोडून आता मनाई आदेश गोळा करतोय : तारीख, मुदत, दिलेलं कारण. तुमच्या जिल्ह्याचे जुने आदेश कुठे मिळाले तर आधी 'कारण' हा परिच्छेद वाचा.