दोन पट्ट्यांच्या मधली जागा

दिवाळीच्या पहाटे मैफलीला जाणाऱ्या मंडळींची एक सवय आहे. नजर असते गवयाकडे, दाद जाते तबलजीकडे, आणि पेटीवाला तिथे आहे हे ध्यानात येते ते त्याची बोटे पट्ट्यांवरून सपाट्याने धावू लागली म्हणजे! मग टाळ्या कडाडतात. या टाळ्या बोटांना की सुरांना, हा वाद आपल्याकडे पेटी आल्यापासूनचा आहे. तो केवळ आपल्याकडचा नाही, हेही पुढे दिसेल.

पेटी मुळात परदेशची. पॅरिसच्या अलेक्झांडर दबँ यांनी १८४२ साली या वाद्याचे पेटंट घेतले. पायाने भाता हलवायचे ते अवजड धूड होते. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी त्याला मांडी घालून एका हाताने भाता मारण्याजोगे रूप दिले, आणि पेटी आपली झाली. पुढे ती कीर्तनात शिरली, तमाशात शिरली. आमच्या शाळेतल्या प्रार्थनेत तर तिच्यावाचून पोरांचा सूर लागत नाही. तिच्या चुलतबहिणीने, म्हणजे पायपेटीने अर्थात ऑर्गनने, मराठी रंगभूमी जिंकली. गंधर्व नाटक मंडळीत कादरबक्षांची सारंगी आणि थिरकवांचा तबला असतानाही ऑर्गनचा मान कमी झाला नाही.

पण या वाद्यात एक जन्मजात उणीव आहे. सप्तकात बारा पट्ट्या, आणि दोन पट्ट्यांच्या मधे काही नाही. सारंगीवाला नख सरकवून षड्जावरून गंधारावर अलगद जातो. पेटीवाल्याला उडीच मारावी लागते. दरबारीचा तो झुलता गंधार कोणत्या पट्टीत सापडणार? सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि सनदी अधिकारी क्लेमंट्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी बावीस श्रुतींच्या पेटीचा घाट घातला. अलीकडे डॉ. विद्याधर ओक यांनीही तशी पेटी सिद्ध केली. खटपट मोठी, विद्वत्ता त्याहून मोठी. परंतु बहुसंख्य वादक आपल्या बारा पट्ट्यांवरच राहिले.

या उणिवेची शिक्षा पेटीला पुरेपूर भोगावी लागली. रवींद्रनाथ ठाकुरांचा तिला विरोध होता. मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओने तिला दार बंद केले, आणि ते किलकिले व्हायला १९७०चे दशक उजाडावे लागले. तीस वर्षे! ज्या काळात रेडिओ हाच कलावंताचा नावलौकिक आणि पुष्कळदा पोटाचा आधार होता, त्या काळात एका वाद्याच्या अख्ख्या पिढीला वेशीबाहेर उभे केले गेले. वाद्याचा दोष सांगणे निराळे आणि वाजवणाऱ्याची भाकरी काढून घेणे निराळे, असे मला वाटते.

आता गंमत पाहा. मींड निघत नाही, म्हणून वादकाला वेगाचा मोह पडतो. तान गळ्यातून काढायला गवयाला वर्षानुवर्षे घाम गाळावा लागतो. पट्टीवर मात्र सूर आयताच तयार असतो, बोट पडले की वाजतो. हातात तयारी आली की चार सुरांच्या जागी सोळा सूर भरावेत असे वाटू लागते. उणीव झाकायला गर्दीसारखे दुसरे पांघरूण नाही.

हीच कथा पियानोची. त्यावरही मधला सूर नाही. शिवाय वाजलेला सूर लगेच विरू लागतो. १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात टेडी वेदरफर्ड हा अमेरिकेतला कृष्णवर्णीय पियानोवादक जाझ वाजवीत असे. त्याचा अंत १९४५ साली कलकत्त्यास झाला. जाझमध्येही गवयाप्रमाणे जागच्या जागी सुचेल ते वाजवायचे असते. तिकडे आर्ट टेटम नावाचा जवळजवळ अंध वादक असा काही धावे, की दोन माणसे वाजवीत आहेत असा भास व्हावा. टीकाकारांपैकी काहींनी नाक मुरडले, की ही नुसती नक्षी. त्याच्या धावण्यात मला तरी घाई दिसत नाही. भरजरी शालूची वीण दाट असते म्हणून त्याला कोणी गोणपाट म्हणत नाही. उलट थेलोनियस मंक मोजके सूर वाजवी, मधेच थांबे, आणि कधी शेजारच्या दोन पट्ट्या एकदमच दाबी. त्या दोहोंच्या मधला, पियानोत नसलेला सूर कानाला भासावा!

आपल्या पेटीवाल्यांनी तोच भास निराळ्या वाटेने साधला. शेजारच्या पट्टीचा ओझरता कण द्यायचा, भात्याचा दाब किंचित सैल करायचा, गवई सूर लांबवीत असेल तर आपण दोन मात्रा गप्प बसायचे. गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांचे नाव पेटीवादनात आदराने घेतले जाते. त्यांनी भास्करबुवा बखल्यांची साथ केली, १९११च्या ‘मानापमाना’ला चाली दिल्या. बुवांसारख्या गवयाची साथ म्हणजे परीक्षाच. गवई कुठे वळणार हे त्यालाच ठाऊक नसते. साथीदाराने अर्धे पाऊल मागे राहायचे. तयार बोटांना हेच सर्वांत जड. उतावळा साथीदार पुढे पळतो, आणि गवयाच्या मनातली जागा श्रोत्यांना आधीच सांगून मोकळा होतो.

या बाबतीत मराठवाड्याने अभिमान बाळगावा असे नाव अप्पा जळगावकरांचे. ते जालन्याकडचे, जालना जिल्हा १९८१ साली वेगळा झाला, तोवर तो भाग आमच्या औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगर, जिल्ह्यातच होता. भीमसेन जोशी, वसंतराव देशपांडे अशा गवयांना त्यांनी साथ केली. २००० साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि २००९ साली पुण्यात ते निवर्तले. पण त्यांची खरी ओळख पटते ती लेहऱ्यात. तबल्याच्या एकल वादनात पेटीने सोळा मात्रांची एकच ओळ धरायची असते, चंद्रकंसासारख्या पाच सुरांच्या रागातली, आणि तीच ती तासभर फिरवायची. तिकडे झाकीर हुसेन लयीचे नाना खेळ करून समेला फसवीत असताना इकडे ओळीने रेसभरही हलायचे नाही. सजवायचा मोह झाला की तबलजीचा हिशेब चुकलाच! तरीही ती ओळ निर्जीव होता कामा नये; प्रत्येक आवर्तनात समेवर येताना ती नव्याने आल्यासारखी वाटली पाहिजे. साडेतीन सप्तकांची पेटी पुढ्यात, बोटांत साऱ्या जन्माची तयारी, आणि तासभर वाजणाऱ्या पट्ट्या मोजून सहासात.