चिपळूणच्या पुराचे मॉडेल दुसऱ्या प्रोग्रामरला देताना काय काय द्यावे लागते?

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी आणि शिव नद्यांच्या पुरात रत्नागिरी जिल्ह्यातील चिपळूण शहर बुडाले. पाऊस, खाडीची भरती, नदीतला गाळ, कोळकेवाडी धरणातून येणारे कोयना प्रकल्पाचे पाणी, यांपैकी कोणाचा वाटा किती यावर बरीच वादावादी झाली. असे प्रश्न जलविज्ञान मॉडेलने सोडवता येतात. मात्र एकाचे उत्तर दुसऱ्याला तपासता यायला हवे, आणि त्यासाठी नुसता पीडीएफ अहवाल पुरत नाही. मॉडेलचे कॉन्फिगरेशन, म्हणजे त्याची सगळी सेटिंग, हाती लागते.

एचईसी-एचएमएस हे अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाचे मोफत सॉफ्टवेअर घ्या. त्यात पाणलोटाची रचना, पावसाची मांडणी आणि गणनेचा कालावधी वेगवेगळ्या मजकूर-फाइलींत असतो. पावसाचे प्रत्यक्ष आकडे मात्र डीएसएस नावाच्या बायनरी फाइलीत राहतात. ती पाठवायची राहिली, तर समोरच्याला पाणलोटाचा नकाशा दिसतो, पण मॉडेल चालत नाही. म्हणून सुटी फाइल न देता अख्खा प्रोजेक्ट फोल्डर द्यावा आणि सॉफ्टवेअरची आवृत्तीही लिहावी.

खरी गडबड होते ती न लिहिलेल्या गोष्टींमुळे. हवामान खात्याचा रोजचा पाऊस सकाळी साडेआठला मोजतात; २२ तारखेपुढचा आकडा २१ च्या साडेआठपासूनचा असतो. घेणाऱ्याने तो २२ च्या मध्यरात्रीपासून धरला, तर पाऊस साडेपंधरा तास पुढे सरकतो. सह्याद्रीवरून उतरणाऱ्या आखूड नदीत एवढ्या वेळात पूर येऊन ओसरूही शकतो! उंचीचेही तसेच: जमिनीची उंची सरासरी समुद्रसपाटीपासून मोजतात, तर भरतीच्या तक्त्यातली उंची त्याहून खालच्या पातळीपासून. शून्य कोणते, हे सोबतच्या टिपणात हवेच. जांभ्या जमिनीत पाणी किती मुरते याचा आकडा मोजलेला, पुस्तकातला की जुळवून घेतलेला, हेही नोंदवावे.

हा काटेकोरपणा केवळ प्रोग्रामरांच्या सोयीसाठी नाही. २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि १०० वर्षांतल्या पुराची लाल रेषा अशाच गणितांतून ठरते, आणि कोणाला घर बांधता येईल हे त्या रेषांवर अवलंबून असते.

पावसाची माहिती पुढे देण्याची परवानगी नसेल, तर केंद्राचे नाव, कालावधी आणि त्याच साच्यातली काल्पनिक आकड्यांची नमुना फाइल द्यावी. घेणारा खरे आकडे स्वतः मागवून त्या जागी भरतो.