भोसले घाटावरचा ‘ल’

काशीत गंगा उत्तरवाहिनी आहे. दशाश्वमेधाच्या जरा दक्षिणेला राणामहाल घाट आहे, तो मेवाडच्या महाराण्यांनी सतराव्या शतकात बांधला. तिथून नाव प्रवाहाबरोबर सोडली की मणिकर्णिका, शिंदे घाट, संकठा घाट मागे पडतात आणि नागपूरकरांचा भोसले घाट येतो. मेवाडचे राणे म्हणजे सिसोदे. आणि शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या वेळी भोसल्यांचं कूळ याच सिसोद्यांना नेऊन जोडलं गेलं. ते ज्यांच्या अधिकाराने शास्त्रशुद्ध ठरलं ते गागाभट्ट काशीचेच. म्हणजे थोरली पाती आणि धाकटी पाती एकाच नदीकाठी, आणि त्यांची सोयरीक जुळवून देणारा पंडितही त्याच काठावरचा! हे ध्यानात आल्यापासून भोसले घाटाचं नुसतं नाव वाचून पुढे जाणं मला जमत नाही.

घाटाचा इतिहास थोडक्यात सांगण्यासारखा आहे. पूर्वी याला नागेश्वर घाट म्हणत. अठराव्या शतकाच्या अखेरीस नागपूरकर भोसल्यांनी तो बांधला आणि १७९५ साली तो पक्का झाला. तेव्हा नागपूरच्या गादीवर दुसरे रघूजी होते आणि काशी १७७५ पासून कंपनी सरकारच्या ताब्यात होती. वर लक्ष्मीनारायणाचं देऊळ आहे. यमेश्वर आणि यमादित्य हीही इथलीच स्थानं. पाण्यातून पाहिलं तर आधी चढ्या पायऱ्या, मग गढीसारखी सपाट दगडी भिंत आणि पार वरच्या अंगाला कोरीव, लहान लहान खिडक्या दिसतात. हे नागपूरकर भोसले मूळचे पुण्याकडच्या हिंगणीचे, छत्रपतींशी भाऊबंदकी मानणारे.

आता नावाकडे वळू. हिंदीत ‘भोंसले’ लिहितात, त्यातला अनुस्वार फारसी दप्तरातून आला असावा. फारसी कारकून ‘भोंसला’ लिहीत, इंग्रजांनीही तेच उचललं. या अनुस्वाराने पुष्कळ जण फसतात. मराठी तोंडी सरळ ‘भोसले’ आहे आणि व्युत्पत्ती त्याचीच लावायला हवी.

पहिला पक्ष सिसोद्यांचा. चितोडचा सज्जनसिंह दक्षिणेत आला, त्याच्या वंशात भोसाजी झाला, त्यावरून भोसले. गागाभट्टांनी हा संबंध पदरचा रचला असं कोणी म्हणत असेल तर ते मला पटत नाही. इतिहाससंशोधक राजवाड्यांनी छापलेल्या जयराम पिंड्यांच्या ‘राधामाधवविलासचंपू’त शहाजीराजांचं कूळ राण्याशी जोडलेलं आहे आणि तो ग्रंथ राज्याभिषेकाच्या आधीचा. गागाभट्टांनी चालत आलेल्या समजुतीवर शिक्कामोर्तब केलं. पण शिक्का कोणाचा, यालाही किंमत असते. पैठणहून काशीला गेलेल्या घराण्यातले ते. ज्या नारायणभट्टांचं नाव अकबराच्या काळातल्या विश्वेश्वराच्या देवळाशी जोडलेलं आहे, त्यांचे पणतू. मेवाडचा दबदबा ग्रंथात वाचायची त्यांना गरज नव्हती. राण्यांचा वाडा त्यांच्याच गंगेवर उभा होता. १६७४ मध्ये रायगडावर ‘सिसोदे’ हा शब्द उच्चारताना तो वाडा त्यांच्या डोळ्यांपुढे असणार, असा माझा पक्का कयास आहे.

तरी हा पक्ष नावापाशी अडतो. सिसोद्यांचं नाव पडलं सिसोदा या गावावरून. मग दक्षिणेतल्या शाखेने ते टाकून एका पूर्वजाच्या नावाचं आडनाव का घेतलं? घोरपडे या आडनावाची कथा निदान किल्ल्यावर दोर चढवणाऱ्या घोरपडीपाशी नेऊन पोचवते. भोसाजीच्या नावामागे अशी कोणतीच गोष्ट नाही. तो आडनावावरून मागाहून घडवलेला वाटतो.

दुसरा पक्ष रा. चिं. ढेरे यांचा, आणि तो मन ओढून घेणारा आहे. शिखर शिंगणापूरच्या शंभुमहादेवाचा माग काढताना ते कर्नाटकातून आलेल्या बळियप्पा या गवळी सरदारापाशी पोचले आणि ‘भोसल’ म्हणजे ‘होयसळ’च, असं त्यांनी मांडलं. शिंगणापूर हे भोसल्यांचं श्रद्धास्थान. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे यांनी तिथे तळं बांधलं. कन्नडमध्ये जुन्या ‘प’चा पुढे ‘ह’ झाला. होयसळांच्या आरंभीच्या लेखांत ‘पोय्सळ’ येतं, म्हणजे ‘प’वरून ‘भ’कडे जाणारी वाटही निघते. देव, गवळी, कर्नाटक यांचा ढेऱ्यांनी लावलेला मेळ मी मनापासून मानतो.

मला खटकतो तो एकच वर्ण. होयसळात ‘ळ’ आहे, भोसल्यांत ‘ल’. मराठी माणूस ‘ळ’ सहजी सोडत नाही. त्याला काळा आणि काला, गोळा आणि गोला एक वाटत नाहीत. कन्नडमधून आलेला ‘ळ’ शिंगणापूरच्या माणदेशात पुसला जावा, हे अवघड आहे. फारसीत ‘ळ’ नाही म्हणून दप्तरात तो गेला असेल, असं म्हणता येईल. पण आडनाव दप्तरात जगत नाही, ते गावच्या चावडीवर आणि बायकांच्या तोंडी जगतं.

म्हणून मी तिसरीकडे वळतो. मराठीत ठिकाणावरून विशेषण करायचा एक साधा प्रत्यय आहे: मधला, पुढला, खालला, गावातला. भोसे नावाची गावं आपल्याकडे आहेत, पंढरपूर तालुक्यात आहे, मिरज तालुक्यातही आहे. भोशाचा तो भोसला, आदराने भोसले. यात ‘ल’ आपसूक येतो आणि अनुस्वाराची गरज उरत नाही. कूळ गावावरून ओळखायची ही रीत सिसोद्यांसारखीच आहे, मात्र त्यासाठी चितोडला जावं लागत नाही. ढेऱ्यांचा बळियप्पाही यात बसतो: पूर्वज कर्नाटकातून येवोत, आडनाव मात्र इथल्या मातीत पडलेलं.

यावर आक्षेप येईल की गावावरून आडनाव ‘कर’ लावून होतं. खरं आहे, पण ती चाल पुढे बळावली असावी. हिंगणीच्या भोसल्यांना पुढे हिंगणीकर म्हणू लागले, त्यात एकाच घराण्याच्या नावावर दोन काळांचे दोन प्रत्यय चढलेले मला दिसतात. संस्कृत पंडितांनी ‘भृशबल’ केलं, म्हणजे फार बलवान. ते सुंदर आहे, पण व्युत्पत्ती नव्हे. 

‘शिवभारता’त परमानंद कवींद्र महाराजांची कथा सांगतात ती काशीतल्या पंडितांना, आणि वंशाचं सांगणं मालोजीराजांपासून धरतात: सूर्यवंशी, महाराष्ट्रातले. काशीच्या श्रोत्यांपुढे केलेली ती मांडणी मला सर्वांत प्रामाणिक वाटते.

माझा तर्क खोडायला एक शब्द पुरे आहे. मालोजींच्या आधीच्या एखाद्या शिलालेखात किंवा वतनाच्या कागदात ‘भोसळा’ असा ‘ळ’ सापडला, की ढेरे जिंकले. माण, खटाव आणि पंढरपूरच्या बाजूला जुन्या विहिरी आणि देवळांच्या पायऱ्या पुष्कळ आहेत; तिथले दगड वाचताना ‘भो’ दिसला तर पुढचं अक्षर नीट पुसून घ्यावं.